टिक ऐकू येते का?

मित्रांनो, मी एक जुना टेस्टिंग दिवा आहे. मी देवापुढचा नाही आणि घरातलाही नाही. मोडीत निघालेल्या एका बसच्या इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब, त्याला जोडलेल्या दोन वायरी, एका वायरीला चिमटा आणि दुसरीला सायकलच्या चाकाची घासून टोकदार केलेली तार, एवढाच मी. ती तार हाताला टोचू नये म्हणून संपलेल्या बॉलपेनच्या निळ्या नळीत बसवलेली आहे. पेन नूतनचं होतं. तेव्हा ती चौथीत होती.

मला एकच काम येतं. वायरीत वीज असली तर मी पेटतो, नसली तर पेटत नाही, कमी असली तर मंद पेटतो. मला खोटं बोलता येत नाही. आज मी रागात आहे, आणि तो लपवणार नाही. पण जे सांगेन ते खरंच सांगेन.

त्या दिवशी तान्हा पोळा होता. एटापल्लीच्या बसथांब्यामागे आमचं दुकान आहे. सकाळपासून मुलं लाकडी बैल ओढत दुकानापुढून जात होती, आणि प्रत्येक बैलाला थांबवून वामनराव त्याचं चाक तपासत होते. "याचा आस वाकडा आहे. बापाले सांग, वामनभाऊनं सांगतलं म्हणून." वामनराव माझे मालक. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. त्यांची मुलगी नूतन चंद्रपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरात बाप-लेक दोघंच. पोळ्यासाठी ती चार दिवस आली होती आणि आत खाटेवर पुस्तक घेऊन बसली होती. मी नेहमीप्रमाणे वामनरावांच्या शर्टाच्या खिशात होतो.

दहाच्या सुमारास रुग्णवाहिका आली. ठेकेदाराची गाडी, आमच्या भागातली तेव्हाची एकमेव. दुसरी महिनाभर दुरुस्तीला गेलेली होती. ड्रायव्हर बिरजू खाली उतरला.

"वामनभाऊ, सकाळी दोनदा चालू नाई झाली. तिसऱ्यांदा झाली. काऊन करत असन?"

"रुसली असन. पोळ्याले तू तिले नवी झूल नाई घातली."

"मस्करी नका करू ना भाऊ. पेशंट राह्यते मागं."

"म्हणूनच पाह्यतो. बंद कर. आता फक्त चावी फिरव, स्टार्टर नको मारू." मग त्यांनी हात वर केला. "सारे गप!"

ही त्यांची जुनी सवय होती. दुकानात तहसीलदार उभा असो की टपरीवाला, वामनरावांनी हात वर केला की सगळे गप बसायचे. कारण ऐकायचा आवाज फार लहान असतो.

मित्रांनो, तो आवाज कसला ते आधी समजून घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. डिझेल मिळालं की ते चालतं आणि डिझेल तोडलं की थांबतं. म्हणून डिझेलच्या पंपावर अंगठ्याएवढा एक पहारेकरी बसवलेला असतो. त्याला सोलेनॉइड म्हणतात. चावी फिरवली की त्याला वीज मिळते, तो आतली दांडी ओढून घेतो आणि डिझेलची वाट उघडते. त्या वेळी टिक असा एकच आवाज होतो. वीज गेली की दांडी परत बसते आणि वाट बंद होते. त्या पहारेकऱ्याला वीज पोचली नाही, तर स्टार्टर दिवसभर घरघरला तरी इंजिनात एक थेंब जात नाही.

टिक आली, पण दबकी. वामनरावांनी मला खिशातून काढलं. माझा चिमटा इंजिनच्या लोखंडाला लावला आणि माझं टोक सोलेनॉइडच्या वायरीला टेकवलं. मी पेटलो, पण विझत आलेल्या विडीसारखा. त्यांनी हात हळूहळू वायरीवरून चाचपत नेला. एका पट्टीखाली ती दबलेली होती. तिथं हलवली की मी विझायचो, सोडली की पुन्हा मंद पेटायचो.

"रबराच्या आत तांबं गंजानं खाल्लं," ते बिरजूला म्हणाले. "एखाद-दुसरी तार उरली. ही वायर बदलाव लागन. दुपारपर्यंत गाडी राहू दे."

बिरजूनं गाड्यांच्या देखरेखीवर असलेल्या राजदीपला फोन केला. राजदीप मोटरसायकलवर आला. वय तिशीच्या आत, गळ्यात ओळखपत्र, हातात पिवळा डिजिटल मीटर. मला पाहून तो हसला.

"काका, हा काय लग्नाच्या मांडवातला दिवा आणला?"

"मांडवातलाच आहे. नवरदेव कसा आहे ते सांगते हा."

राजदीपनं मीटर लावला. "बारा व्होल्ट. पाहा. सप्लाय ओके."

"बापू, मीटर फुकटात पाह्यते. त्याले काई ओढाव लागत नाई. हा दिवा वीज खाते. एका तारेतून बारा व्होल्ट दिसते, पण काम निघत नाई. हे धर. तू स्वतः पाह्य."

वामनराव कधीच नुसतं सांगत नसत. गाडीच्या मालकाच्या हातात मला देत आणि म्हणत, तूच पाह्य. राजदीपनं हात पुढे केला नाही. गाडी चालू आहे ना, मग उभी कशाला ठेवायची, पेशंट असतात, असं म्हणून त्यानं वहीत 'वायरिंग तपासले, ठीक' असं लिहून खाली सही केली आणि बिरजूला गाडी न्यायला लावली.

वामनरावांनी हात पुसले. मग आत जाऊन म्हणाले, "नूतन, आज दांडी ओढून राह्यला सोलेनॉइड. उद्या नाई ओढणार."

"बाबा, तुमचं काम तुम्ही केलं. आता सोडा ना," ती पानावरून नजर न काढता म्हणाली.

तो शेवटचा साधा दिवस. संध्याकाळी त्यांनी मला फडक्यानं पुसून खिशात ठेवलं. मला तो दिवस नीट आठवतो, कारण त्यानंतर मला कोणी पुसलं नाही.

तशी मी चांगली वर्षंही पाहिली आहेत. भातगिरणीची इंजिनं, मळणीयंत्रं, जंगलखात्याच्या जीपा, सगळ्यांच्या पोटात मी शिरलो आहे. माझा बल्ब तीनदा बदलला, नळी मात्र तीच. लालसूची गोष्ट तर सांगायलाच हवी. लालसू हा हेमलकशाकडचा माडिया शेतकरी. हिरडा आणि मोहफुलं वाहायला त्यानं एक जुनी पिकअप घेतली होती. ती अचानक बंद पडली. दोन मिस्त्री झाले, दोघांनीही पंप काढा म्हटलं. तो गाडी ट्रॅक्टरनं ओढत आमच्याकडे आला.

"भाऊ, पंप बदला म्हणते."

"अन् पंप बदलूनई नाई झाली, तं तुह्यं डोकं बदला म्हणतीन. चावी फिरव. सारे गप!"

टिक आली नाही. माझं टोक सोलेनॉइडच्या वायरीला लागलं आणि मी झगझगीत पेटलो. "म्हणजे वीज इथवर आली," वामनराव म्हणाले. "पण आलेल्या विजेले परत जायचीई वाट लागते." त्यांनी माझा चिमटा काढून बॅटरीच्या अधिक टोकाला लावला आणि मला लालसूच्या हातात दिलं. "आता सोलेनॉइडच्या अंगाले टेकव."

लालसूनं टेकवलं. मी पेटलो नाही. सोलेनॉइडची परतीची वायर गंजून सुटली होती. घासून घट्ट केली आणि टिक ऐकू आली. लालसू लहान मुलासारखा हसला आणि त्यानं चावी आठ-दहा वेळा फिरवून तो आवाज ऐकला. त्यानंतर तो एटापल्लीला आला की दुकानात येऊन मला हातात घ्यायचा आणि नवीन काही शिकवा म्हणायचा.

नूतननं मात्र मला बरीच वर्षं हातात घेतलं नव्हतं. तिनं खूप वाचलं, आणि ते चांगलंच केलं. पण वडिलांच्या नखातलं काळं तेल तिला बोचायचं. तिच्या मैत्रिणी घरी आल्या की वामनराव आपणहून मागच्या दारानं दुकानात जात. मी त्यांच्या खिशात असे. मला ते कळत होतं.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वामनरावांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी तपासून लगेच गडचिरोलीला न्यायला सांगितलं. तीच गाडी आली. स्ट्रेचरवर झोपवताना सिस्टरनं शर्टाची बटणं सोडली आणि खिशातून मला काढून नूतनच्या हातात दिलं. तिनं मला पर्समध्ये टाकलं.

आलापल्लीच्या अलीकडे, जंगलात, गाडी एका खड्ड्यात आपटली आणि इंजिन बंद पडलं. बिरजूनं स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, पण धरलं नाही. पुन्हा मारला. तिथं फोनला रेंज नव्हती.

वामनराव डोळे मिटून ऐकत होते. ते हळू, पण अगदी स्पष्ट बोलले.

"बिरजू. स्टार्टर नको मारू. बॅटरी बसन. नुसती चावी फिरव. टिक ऐकू येते का?"

"काका, बोलू नका, छातीवर जोर पडते," सिस्टर म्हणाली.

"कालचीच वायर आहे. नूतन, दिवा काढ माह्या खिशातून. सोलेनॉइडले बॅटरीवरून वायर द्या, डायरेक्ट. दोन मिनटाचं काम आहे."

बिरजू मागे वळला. "ताई, भाऊ म्हणतात तसं पाहू का?"

मी तिच्या पर्समध्ये होतो. तिथून बोनट चार पावलांवर होतं. मित्रांनो, आयुष्यात कोणाच्या हातात जायची इतकी घाई मला कधी झाली नव्हती.

नूतन म्हणाली, "ते शुद्धीत नाहीत, बिरजूभाऊ. तुम्ही चालू करायचं बघा." मग ती वडिलांकडे वळली. तिचा आवाज चढला होता. "बाबा, आता तरी गप बसा! इथं तरी मिस्त्री होऊ नका!"

आणि वामनराव गप बसले. चाळीस वर्षं साऱ्यांना गप करणाऱ्या माणसाला कोणी गप केलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी फक्त उजवा हात उचलला आणि रिकाम्या खिशावर ठेवला.

ती घाबरली होती. सिस्टर बोलू नका म्हणत होती, आणि त्यांनी बोलू नये हेच तिला बरोबर वाटलं. हे मला समजतं. पण मी न्यायाधीश नाही, दिवा आहे. तिथं वीज पोचत नव्हती एवढंच मी सांगू शकतो. ते मी सांगू शकलो असतो, आणि मला कोणी काढलं नाही.

बिरजू स्टार्टर मारत राहिला. आवाज मंदावत गेला. मग सगळ्यांनी गाडी ढकलून पाहिली. डिझेलची वाटच बंद असताना ढकलून काय होणार? चाळीस मिनिटं अशी गेली. तेवढ्यात समोरून मोटरसायकलवर लालसू आला. आत कोण झोपलं आहे हे पाहिल्यावर त्यानं एक प्रश्नही विचारला नाही. तो पुढे गेला आणि त्यानं हात वर केला. "सारे गप! बिरजूभाऊ, चावी फिरवा."

जंगलात पाऊस थांबून पानांवरून पाणी गळत होतं. दुसरा आवाज नव्हता.

"टिक नाई," लालसू म्हणाला. "भाऊचा दिवा कुठी आहे?"

नूतननं पर्समधून मला काढलं. लालसूनं माझं टोक सोलेनॉइडच्या वायरीला टेकवलं. मी पेटलो नाही. आज मंदसुद्धा पेटलो नाही. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. दुसरी वायर कोणाकडेच नव्हती. मग त्यानं माझीच लांब वायर दातानं तोडली आणि तिचं एक टोक बॅटरीला, दुसरं सोलेनॉइडला जोडलं.

टिक.

वामनरावांनी ती ऐकली का, मला माहीत नाही. सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली आणि इंजिन एका झटक्यात धरलं. आलापल्लीत पोचेपर्यंत ते गेले होते.

चाळीस मिनिटं आधी पोचले असते तर वाचले असते का? ते मला सांगता येत नाही. तिथं माझी तार पोचत नाही.

तेरवीला लोक जमले. वामनभाऊसारखा मिस्त्री होणे नाही, असं प्रत्येकजण म्हणाला. पंचायतीत, चावडीत, सगळीकडे तेच. वामनराव जिवंत असताना त्यांचं म्हणणं एकदा ऐकलं असतं तर एवढं कौतुक करायची वेळ आली नसती. ठेकेदाराच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, 'खराब रस्ता व पाऊस'. मला पावसाचं नाव वाचून संताप आला. पाऊस वायर तपासल्याच्या सह्या करत नाही.

 तेराव्या दिवशी नूतन दुकानात आली आणि तिनं मला हातात घेतलं. एका वायरीचा आणि लोंबत्या टोकाचा मी. तिनं वडिलांच्या डब्यातून वायर शोधली, टोकं सोलली, पीळ दिला, टेप गुंडाळला. लहानपणी पाहिलेलं ती विसरली नव्हती. फक्त निळ्या नळीपाशी आल्यावर तिचे हात थांबले. नळीवर तिनं चौथीत कंपासच्या टोकानं कोरलेलं 'नू' अजून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन गाड्या उभ्या करायच्या आवारात गेली. तिथं राजदीप होता, बिरजू होता, आणखी दोन-तीन ड्रायव्हर चहा पीत उभे होते. रुग्णवाहिका तिथंच होती. बोनट उघडल्यावर मला माझीच तोडलेली वायर दिसली. दोन आठवडे तीच गाडी चालवत होती. इंजिन बंद करायचं असलं की बिरजू खाली उतरून ती हातानं उपटायचा. खराब वायर जिथल्या तिथं लोंबत होती. कोणी बदलली नव्हती.

"राजदीप, मीटर आणा," नूतन म्हणाली.

"मॅडम, तुमचं दुःख मी समजतो..."

"मीटर आणा."

त्यानं आणला. चावी फिरवून तो लोंबत्या वायरीला लावला. बारा व्होल्ट. मग नूतननं माझा चिमटा इंजिनाला लावला आणि मला त्याच्या हातात दिलं. "धरा. तुम्ही स्वतः पाहा."

जंगलात सुटलेली तार आता पुन्हा जेमतेम टेकलेली असावी. मी पेटलो, विझत आलेल्या विडीसारखा. तिनं पट्टीपाशी वायर हलवली आणि मी विझलो. ड्रायव्हर जवळ सरकले.  राजदीपनं माझं टोक पुन्हा टेकवून पाहिलं. मला वाटलं, आता हा कबूल होईल.

पण तो म्हणाला, "मॅडम, आज हे दिसून राह्यलं. त्या दिवशी जंगलात बिघाड कुठी आहे, हे कोणाले माहीत होतं? माहीत असतं तं दोन मिनटाचं काम होतं."

"माहीत होतं," बिरजू मागून म्हणाला.

सगळे वळले.

"वामनभाऊ सांगून राह्यले होते. टिक पाह्य म्हणे, डायरेक्ट वायर दे म्हणे. सारं सांगतलं त्यायनं." त्यानं नूतनकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "मीच नाई ऐकलं, साहेब. माह्यी चूक आहे."

राजदीपला हवं ते मिळालं. त्याचा आवाज लगेच मोठा झाला. "ऐकलं ना मॅडम? पेशंट स्वतः सांगते अन् हा ऐकत नाई! उद्यापासून गाडीवर नाई राहणार हा. रिपोर्टमध्ये लिहितो मी."

 बिरजूच्या घरी तीन माणसं त्याच्या पगारावर जगतात, हे आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नूतननं फक्त गप बसायचं होतं. ते फार सोपं होतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, पुसा, टाकू नका. मी तसं सांगणार नाही. मला टाकलं तरी चालेल. बल्ब, वायर आणि सायकलची तार कुठंही मिळते. पण ज्याला एखादी गोष्ट कळते, तो अंथरुणावर पडलेला असला, त्याची नखं काळी असली, आणि तो तुमचाच बाप असला, तरी तो बोलत असताना तुम्ही गप बसा. माझी एवढीच मागणी आहे, आणि ती विनंती म्हणून नाही, रागानंच करतो आहे.

नूतननं राजदीपच्या हातातून मला काढून घेतलं. तिची बोटं निळ्या नळीवर घट्ट आवळली होती.

"बिरजूभाऊ खोटं बोलताहेत," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं, भाऊ म्हणतात तसं पाहू का. मी नाही म्हटलं. मी म्हटलं, बाबा शुद्धीत नाहीत. रिपोर्टमध्ये हे लिहा. आधी तुमची सही लिहा, मग माझं नाव लिहा. यांचं नाही."

 तिनं मला छातीशी धरलं, आणि चंद्रपूरला गेल्यापासून तिच्या तोंडून न ऐकलेल्या आपल्या घरच्या बोलीत ती मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, तुम्ही शुद्धीत होते. बरोबर सांगून राह्यले होते. दिवा माह्यापाशीच होता. मीच तुमाले गप केलं."